ओंबी खुडायची राहिली

खुंटीवर एकच टॉवेल होता. म्हणजे बघा, आमच्या प्लास्टर रूममध्ये हिरवे टॉवेल दोनच. काम झालं की धुवायचे, पिळायचे आणि शेजारशेजारच्या दोन खुंट्यांवर वाळत घालायचे, हा मास्तरांचा नियम. दुपारचे तीन वाजत आले होते. मी बादल्या घासल्या, कात्र्या पुसल्या, हात वर केला, तर एक खुंटी रिकामी. आणि मला असं झालं ना, की जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावीच.

थांबा, आधी टॉवेलचं सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, हरवला टॉवेल तर हरवला, त्यात काय एवढं.

लहान पोराचं मांडीचं हाड मोडलं की नुसत्या पायाला प्लास्टर घालून भागत नाही. छातीच्या खालून सुरू करायचं, पोट, कंबर, मग मोडलेला पाय पार घोट्यापर्यंत आणि दुसरा गुडघ्यापर्यंत. पोर अर्धवट घडवलेल्या पुतळ्यासारखं दिसतं. ह्याला म्हणतात हिप स्पायका. आता पुतळ्याला भूक लागत नाही, पण पोराला लागते. जेवलं की पोट फुगणार, आणि प्लास्टर काही फुगत नाही. म्हणून आधी पोटावर टॉवेलची जाड घडी ठेवायची, तिच्यावरून कापूस, कापसावरून प्लास्टर, आणि प्लास्टर घट्ट झालं की वरच्या काठातून टॉवेल ओढून काढायचा. तो निघाला की आत तेवढी पोकळी राहते. पोर त्या पोकळीत जेवतं आणि त्या पोकळीत श्वास घेतं. कळलं? टॉवेल आत राहिला तर पोकळी नाही.

आमचे मास्तर हे काम तीस वर्षं करतायत. शाळेत कधी शिकवलं नाही, पण सगळे मास्तरच म्हणतात, कारण ते काम करताना गोष्ट सांगतात. पोराला भूल दिलेली असते, ते गाढ झोपलेलं, आणि हे आपले सांगतायत. भूल देणाऱ्या बाई दर वेळी म्हणतात, मास्तर, ऐकणारा घोरतोय. मास्तर म्हणतात, मी त्याला नाही सांगत, माझ्या हातांना सांगतोय.

गोष्ट म्हणजे सात-आठ वाक्यं फक्त. आकाशात एक मुलगी उभी. अंगात तिच्या पांढरा झगा. पोटाशी बांधली झोळी. दाण्यावर दाणा, दाण्यावर दाणा. ऊन पडलं, दाणा पिकला. ओंबी खुडली, झोळी सोडली. मुलगी निघाली घरी. झालं. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं म्हाताऱ्याला छंद आहे. मग हळूहळू लक्षात आलं. झगा म्हणजे अंगात घालतो ती मऊ सुती नळी. झोळी म्हणजे टॉवेल. दाण्यावर दाणा म्हणजे पट्टीचे वेढे, एक डावीकडून, एक उजवीकडून, अर्धा अर्धा एकमेकांवर, आणि खरंच गव्हाच्या ओंबीसारखी वीण दिसते. ऊन म्हणजे प्लास्टर सुकताना गरम होतं ना, ते. आणि ओंबी खुडली म्हणताना त्यांचा हात टॉवेल ओढत असायचा. गोष्ट संपली की काम संपलं. कागद नाही, यादी नाही. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की मधे कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, गोष्ट पुरी करायची. कुणीही, म्हणजे मोठे डॉक्टरसुद्धा.

तर त्या दिवशी मास्तर नव्हते. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आठवडाभर घरी. आणि ही माझी पहिली स्पायका, एकटीने. पोरगी अडीच वर्षांची, पाळण्यावरून उडी मारली होती तिनं. नाव काहीतरी मोठं होतं कागदावर, पण आई, आजी, सगळे भिंगरीच म्हणत होते. आईनं मला दारात सांगितलं होतं, ताई, ही एका जागी बसत नाही हो, हिचं कसं होणार सहा आठवडे. मी म्हटलं, तुम्ही काळजी करू नका. हे मी म्हटलं. लक्षात ठेवा.

पाय धरायला नवा डॉक्टर होता. हो, तोच, ज्याच्यावरून तुम्ही मला चिडवता. हसा. मला माहीत होतं तुम्ही हसणार.

मी सुरुवात बरोबर केली. आकाशात एक मुलगी उभी, झगा, झोळी, सगळं मोठ्यानं. दाण्यावर दाणा चाललं होतं, आणि त्यानं विचारलं, अहो, पण ह्याला स्पायका का म्हणतात? आणि मला हे माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, मी महिनाभर त्यावर वाचलं होतं, आणि आजवर मला कुणी म्हणजे कुणीही विचारलं नव्हतं.

सुटलेच मी. म्हटलं, लॅटिनमध्ये स्पायका म्हणजे ओंबी. तो म्हणाला ओंबी म्हणजे? बघा, डॉक्टर झाला आणि ओंबी माहीत नाही. म्हटलं गव्हाचं कणीस हो. कन्या राशीतल्या मुलीच्या हातात ती ओंबी, आणि त्या ओंबीच्या जागी जो ठळक तारा आहे त्याचं नावच स्पायका. आपण त्याला चित्रा म्हणतो, आपला चैत्र त्याच्यावरून. सप्तर्षीच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवत न्यायची, आधी स्वाती लागते, मग चित्रा. दिसतो एक, पण आहेत दोन तारे, इतके जवळ की चार दिवसांत एकमेकांभोवती फेरी. पट्टीच्या वेढ्यांना ते नाव मिळालं ते ह्या ओंबीसारख्या विणीवरून. तो म्हणाला, वा. मग काय. म्हटलं, युद्धनौकांना हे नाव दिलंय, एका नाही, दोन-तीन देशांनी. आणि ब्राझीलचा झेंडा डोळ्यांसमोर आणा, निळा गोल, मधे पांढरा पट्टा, सगळे तारे पट्ट्याच्या खाली आणि एकच तारा वर. तो एकटा तारा म्हणजे हाच.

हे सांगताना माझे हात काम करत होते, आणि छान करत होते, तेच तर वाईट. प्लास्टर गरम झालं ते मला तळव्याला लागलं. टॉवेलचं टोक वरून बाहेर लोंबतं ठेवायचं असतं. मी झग्याचा काठ दुमडला तर ते टोक त्याच्यासोबत आत गेलं, आणि मी वरून शेवटचा पट्टा फिरवून असा गुळगुळीत काठ केला की तो म्हणाला, तुमचा हात सुंदर आहे. तेवढ्यात एक्स-रेवाले आले. हाड जागेवर, सगळे खूश. मोठे डॉक्टर येऊन टिचकी मारून बघून गेले. एक वाजता भिंगरी घरी गेली. आईला मी स्वतः सांगितलं की आधी घोट घोट पाणी, दोन तासांनी थोडं दूध, पोटात राहिलं तर मग पोटभर खाऊ द्या, बिचारी कालपासून उपाशी आहे.

पोटभर खाऊ द्या. एक वाजता म्हटलं, दोन तासांनी. आणि आता तीन वाजत आले होते आणि मी रिकाम्या खुंटीकडे बघत होते.

आधी माणूस करतो तेच मी केलं, खोटं शोधलं. कपड्यांची टोपली उपडी केली, कचऱ्याचा डबा उपसला, टेबलाखाली रांगले. पण आतून माहीत होतं. कारण मी डोक्यात गोष्ट मागे फिरवली, आणि दाण्यावर दाणा इथपर्यंत माझा आवाज मला आठवतोय, आणि त्याच्यापुढे ब्राझील.

कागदावर एकच नंबर, भिंगरीच्या वडिलांचा. रिंग वाजते, कुणी उचलत नाही. चारदा, पाचदा. कामाची जागा म्हणून कारखान्याचं नाव होतं, तिथे लावला तर म्हणे पाळी चालू असताना फोन कपाटात असतात, निरोप देतो. कधी देतो? सुट्टी झाली की. कधी सुट्टी? सहाला.

नवा डॉक्टर आला तर त्याला सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला, पण तो शहाण्यासारखं बोलायला लागला. म्हणाला कदाचित टॉवेल पातळ असेल, कदाचित काही होणारही नाही, आपण फोन लागेपर्यंत थांबू, काठ टोचतोय का ते बघायचंय असं सांगून उद्या बोलावून घेऊ, लगेच मोठ्यांच्या कानावर कशाला. आणि खरं सांगते, मला ते आवडलं. पाण्यात पडलेल्याला काडी आवडावी तसं आवडलं. मी हो म्हणणार होते. फक्त त्याआधी मास्तरांना एक फोन करावा म्हटलं.

मास्तर डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते, त्यांच्या सूनबाईंनी फोन कानाला लावून दिला. मी म्हटलं, मास्तर, खुंटीवर एकच टॉवेल आहे. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग एवढंच म्हणाले:

"पोरी, कुठपर्यंत सांगितली होतीस गोष्ट?"

"दाण्यावर दाणा."

"मग पुढची तिच्या घरी जाऊन सांग. आधी मोठ्यांना सांग, मग करवत घे. पळ."

मोठे डॉक्टर बाहेरच्या पेशंटमध्ये होते, समोर एक आजोबा मनगट पुढे करून बसलेले, मागे रांग. मी सगळ्यांच्या देखत सांगितलं, कारण एकांतात बोलायचंय म्हणत थांबले असते तर माझा धीर गेला असता. त्यांनी आजोबांचं मनगट सोडलं नाही. ती काही जेवली का, विचारलं. म्हटलं माहीत नाही. म्हणाले, मग इथे का उभी आहेस? आणि मग भराभरा: उलट्या होत असतील तर आधी कुशीवर घे, तिथेच प्लास्टरला पोटावर चौकोनी खिडकी काप, टॉवेल काढ आणि घेऊन ये. होत नसतील तर तशीच घेऊन ये. गाडी? गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. नवा डॉक्टर मागून म्हणाला, माझी स्कूटर आहे. एवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे.

स्कूटरवर माझ्या मांडीवर करवत. प्लास्टर कापायची विजेची करवत असते, तिची वायर माझ्या गळ्यात दोन वेढे. सिग्नलला शेजारचा माणूस बघत होता. मी आपली मनात हिशेब करतेय, तीनला दूध, राहिलं तर सव्वातीनला खाणं, आत्ता किती वाजले, साडेतीन. आणि उताणं झोपवलेलं पोर ओकलं तर ओक कुठे जाते हे मला शिकवलेलं आहे. श्वासात जाते.

इमारत सापडली, तर जिने दोन. आम्ही चुकीच्या जिन्यानं चौथ्या मजल्यावर, तिथे एका बाईंनी दार उघडून सांगितलं की तुम्हाला पलीकडच्या जिन्यानं यायला हवं होतं, आणि गच्चीचं दार बंद असतं. परत खाली. परत वर. करवत चार किलोची.

आजीनं दार उघडलं. शांतपणे. म्हणाली, अगंबाई, तुम्ही घरी पण येता? झोपलीय ती. छान जेवली, दूध प्यायली, अख्खं केळं खाल्लं, मग जरा ओकली, भुलीनं होतं ना तसं?

आतल्या खोलीत शिवणयंत्र, त्याच्याशेजारी खाट, खाटेवर भिंगरी उताणी. आणि ती झोपलेली नव्हती हो. डोळे उघडे होते. ओठांभोवती पांढरं, कपाळावर घाम, आणि श्वास असा छोटा छोटा, कुत्र्याचं पिल्लू धावून आल्यावर घेतं तसा. रडत पण नव्हती. रडायला जागाच नव्हती तिला. वरच्या काठात मी बोट घालून बघितलं, माझ्या त्या गुळगुळीत, सुंदर काठात, आणि बोट आत गेलं नाही.

आई ओला फडका घेऊन आली आणि मला बघून तिला इतकं बरं वाटलं की मला मरून जावंसं वाटलं. बरं झालं ताई तुम्ही आलात, म्हणाली, मी तुम्हालाच फोन करणार होते. तेवढ्यात भिंगरीनं पुन्हा उमासा दिला. मी आणि डॉक्टरनं तिला प्लास्टरसकट उचलून कुशीवर फिरवलं, तोंड खाली, ओकली ती, सगळं बाहेर चादरीवर. त्यानं नाडी धरली. म्हणाला काप.

वायर पुरेना. बोर्ड शिवणयंत्राच्या मागे. आजीनं आणि मी खाट ओढली, यंत्र ढकललं, रिळं सगळी खोलीभर. पिन लावली, बटण दाबलं आणि ती करवत जी किंचाळते ना, भिंगरीनं डोळे असे मोठे केले आणि आई माझ्या आणि खाटेच्या मधे आली. सरळ मधे. म्हणाली, हे तिच्या पोटावर चालवणार?

मी काही समजावलं नाही. चालू करवत माझ्या तळहातावर टेकवली. ती फिरत नाही, थरथरते, कडक वस्तू कापते, मऊ कातडी तिच्याबरोबर हलते, दाबली नाही तर कापत नाही. आईनं माझा तळहात बघितला, उलटा करून बघितला, आणि बाजूला झाली.

पण पोर हललं तर? अडीच वर्षांचं जागं पोर, कानाशी तो आवाज. मला एकच गोष्ट येत होती. मी म्हटलं, भिंगरे, आकाशात एक मुलगी उभी. तिनं माझ्याकडे बघितलं. अंगात तिच्या पांढरा झगा. हा बघ. पोटाशी बांधली झोळी. आणि करवत टेकवली. दाण्यावर दाणा, दाण्यावर दाणा, चौकोनाची एक बाजू. दाण्यावर दाणा, दुसरी बाजू. आवाजावरून मोठ्यानं सांगावं लागत होतं, घसा फाटत होता. मला घाई करायची होती आणि गोष्ट घाई करू देत नव्हती. तिसरी बाजू, चौथी. ऊन पडलं, दाणा पिकला. झाकण उचकटलं, कापूस फाडला, आणि खाली हिरवं दिसलं. माझा टॉवेल. चिमट्यानं टोक धरलं, पहिल्यांदा निसटलं, पुन्हा धरलं.

"ओंबी खुडली," म्हटलं, "झोळी सोडली." आणि ओढला.

तो निघतच होता, निघतच होता, एवढासा टॉवेल, संपेचना. आणि मग भिंगरीचं पोट त्या खिडकीतून वर आलं, आणि तिनं श्वास घेतला. पूर्ण. आणि मग तिनं जे भोकाड पसरलं! मी आयुष्यात इतकं गोड काही ऐकलेलं नाही. डॉक्टर तिथेच जमिनीवर बसला, रिळांमध्ये.

आता पुढचं. आईच्या हातात तो टॉवेल होता, मी तिकडे फेकला होता तो तिनं उचलला. ओला, कोपऱ्यावर काळ्या धाग्यानं शिवलेलं प्लास्टर रूम. तिनं तो बघितला, आणि विचारलं, हा आत कशाला होता? डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत एक उत्तर तयार होतं, की कधीकधी ठेवतात, सूज आली तर मग काढतात, असं काहीतरी. चाललं असतं. तिला काय कळणार होतं.

"काढायचा असतो," मी म्हटलं. "मी विसरले. मी बोलत होते आणि विसरले."

"कशाबद्दल बोलत होता?"

आता काय सांगू. म्हटलं, एका ताऱ्याबद्दल.

तिनं टॉवेलची घडी घातली. आजी बोलली, बरंच बोलली, ते मी इथे सांगत नाही, आणि त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. आईनं भिंगरीला घेतलं, आम्ही रिक्षानं दवाखान्यात आणलं, मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, फुप्फुसं साफ. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जायला सांगितलं. मी आख्खा वेळ दाराबाहेर बाकावर होते. जाताना आई माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, प्लास्टर काढायच्या दिवशी दुसरं कुणी असू दे. मी म्हटलं, हो.

माझ्यावर तीन महिने एकटीनं स्पायका घालायची नाही असा हुकूम आहे. तो नवा डॉक्टर आता मला काही विचारत नाही, आणि विचारलं तरी मी हातात पट्टी असताना सांगणार नाही, त्यामुळे तुमचे सगळे अंदाज गुंडाळून ठेवा. मास्तर परत आले. मला वाटलं आता लेक्चर. त्यांनी खुंट्यांकडे बघितलं, विचारलं दुसरा टॉवेल कुठे. म्हटलं, मास्तर, तो त्या आईकडेच राहिला, मागायची हिंमत झाली नाही, भांडारातून नवा आणते. म्हणाले, आणू नको. एकावर भागवू. ती खुंटी राहू दे तशीच.

काल भिंगरी तपासणीला आली होती. मी आत कपाटामागे उभी राहिले, मुद्दामच, त्या बाईला माझं तोंड दिसू नये म्हणून. फटीतून बघितलं. स्ट्रेचरवर उताणी, पोटावर तो चौकोन, नीट पट्टी बांधलेला, आणि मोडक्या पायाच्या टाचेखाली हिरवी घडी. माझा टॉवेल. धुतलेला, इस्त्री केलेला. मास्तर काठ तपासायला वाकले तशी भिंगरीनं त्यांचा हात धरून पोटावर ठेवला आणि हुकूम सोडला, "सांग."

मास्तरांनी सुरुवात केली. आकाशात एक मुलगी उभी. दाण्यावर दाणापाशी आले, आणि थांबले. ते कधीच थांबत नाहीत. मला वाटलं, विसरले की काय. मग कळलं, कपाटाकडे बघतायत. आई पण बघत होती, त्यांच्या नजरेमागून, सरळ माझ्याकडे. हसली वगैरे नाही. नुसती वाट बघत होती.

मी बाहेर आले आणि पुढचं सांगितलं. शेवटपर्यंत.